आधी जागा बघा, मग पदवी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. एमबीबीएस, मग डीजीओ (स्त्रीरोग-प्रसूतीची पदविका). एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राची सेवा, नंतर सहा वर्षं स्वतःची ओपीडी. २०१९ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आले. यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ सीके पास आहे. दोनदा मॅचला (रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या जागांच्या वाटपाला) बसले, दोन्ही वेळा काही हाती लागलं नाही. आता वय ३९, मुलगी चौथीत. मी एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे. यजमानांचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, पण मी ईएडी (काम करण्याच्या परवानगीचं कार्ड) काढलेलं नाही. एका विद्यापीठाचा दोन वर्षांचा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) ७० हजार डॉलरना पडेल. दुसरीकडे सहा महिन्यांचा लाइफ कोचिंगचा कोर्स आहे, फी १२ हजार. ‘पहिल्याच वर्षी सहा आकडी कमाई’ असं ते म्हणतात. माणसांशी बोलणं, त्यांचं ऐकून घेणं हे मला मनापासून आवडतं. एमपीएच करू, कोचिंग करू, की दोन्ही? आई फोनवर रोज विचारते, एवढं शिकलीस ते वाया घालवणार का? तिला काय सांगू? – डॉ. र., एडिसन”

डॉक्टर,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ईएडी काढलेलं नाही. सुरुवात तिथूनच करा. एच-४ वर असताना ईएडीशिवाय काम करून एक डॉलरही कमावता येत नाही. यात घरी बसून झूमवर केलेलं कोचिंगही आलं, आणि पैसे पुण्याच्या खात्यात रुपयांत घेतले तरी फरक पडत नाही, कारण काम करताना तुम्ही बसलेल्या असता न्यू जर्सीत. ‘अजून छोटंच आहे, वाढलं की कागदपत्रं बघू’ असं म्हणून अनेक जणी सुरुवात करतात आणि ग्रीन कार्डच्या टप्प्यावर हे विनापरवानगी काम अंगाशी येतं. यजमानांचा आय-१४० मंजूर असल्यामुळे २०१५ च्या नियमानुसार तुम्ही ईएडीला पात्र आहात. अर्ज आय-७६५, वर्ग सी-२६. सोबत यजमानांची आय-७९७ मंजुरीपत्रं, तुमचा आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), विवाह नोंदणी दाखला आणि फोटो. फी अर्जाच्या दिवशी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या पानावर बघूनच भरा. रक्कम चुकली तर अख्खा अर्ज परत येतो.

एक अडचण आपल्याकडच्या बायकांना हमखास येते. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव वेगळ्याच स्पेलिंगने. पुढे ट्रान्स्क्रिप्टचं मूल्यांकन करून घेताना, विद्यापीठात आणि नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे. विवाह दाखल्याची इंग्रजी प्रत आणि ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटराइज्ड प्रतिज्ञापत्र आत्ताच करून एका फाइलमध्ये ठेवा. आणि ईएडी हातात आलं की संपण्याच्या १८० दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. नूतनीकरणाचा अर्ज केला की जुनं ईएडी आपोआप वाढायचं, ती सवलत ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर मधल्या काळात काम थांबवावं लागतं.

मॅचबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात तिसऱ्या खेपेचा विचार आहे हे पत्रातून जाणवतं. परदेशी पदवीच्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या उमेदवारांपैकी २०२२ ते २०२५ या वर्षांत साधारण ५८ ते ६० टक्क्यांना जागा मिळाली. त्या आकड्यात नुकतेच पास झालेले खूप आहेत. तुमची पदवी जुनी आहे आणि पदवीच्या वर्षाची चाळणी अनेक रेसिडेन्सी प्रोग्राम लावतात. ती चाळणी एमपीएचने हलत नाही. ‘एमपीएच केला की रेसिडेन्सी लागते’ हा सल्ला तुम्हाला मिळाला असेल, तर त्या आशेवर ७० हजार घालू नका. तिसऱ्यांदा बसायचं असेल तर अलीकडचा अमेरिकी क्लिनिकल अनुभव आणि इथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं हीच तयारी आहे, आणि ती खेप शेवटची, हे आधी घरात बोलून ठरवा. अधांतरी राहिलेला निर्णय पुढच्या प्रत्येक कामाचा जीव काढतो.

आता सार्वजनिक आरोग्य. ‘पब्लिक हेल्थमध्ये जायचंय’ हे उत्तर अपुरं आहे. आधी कोणत्या खुर्चीवर बसायचं ते ठरवा, मग त्या खुर्चीला कोणती पदवी लागते ते बघा. एक शनिवार काढा. एडिसनपासून तासाभराच्या अंतरावरच्या वीस जाहिराती वाचा आणि प्रत्येकीतून चार गोष्टी वहीत उतरवा: पदाचं नाव, किमान शिक्षण, कोणतं सॉफ्टवेअर किंवा प्रमाणपत्र, पगार. वीस झाल्या की चित्र स्पष्ट होतं. एपिडेमिऑलॉजिस्टच्या (साथरोगतज्ज्ञाच्या) जागेला एमपीएच जवळपास सक्तीचा, सोबत आर किंवा सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर हवंच. हेल्थ एज्युकेटर आणि प्रोग्राम कोऑर्डिनेटरला पदवी पुरते, पण सीएचईएस या आरोग्यशिक्षकांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख वारंवार दिसेल. रुग्णालयातली इन्फेक्शन प्रिव्हेन्शनची जागा डॉक्टरी शिकलेल्यांना उत्तम बसते; तिथे पुढे सीआयसी ही संसर्ग-नियंत्रणाची परीक्षा द्यायची असते. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरला तुमचं आत्ताचं शिक्षण पुरेसं आहे, आणि स्टेप्स पास असणं ही तिथे जमेची बाजू आहे. पगाराचा अंदाज हवा तर २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार एपिडेमिऑलॉजिस्टचा मधला (मीडियन) पगार वर्षाला सुमारे ८१ हजार डॉलर होता आणि हेल्थ एज्युकेशन स्पेशालिस्टचा सुमारे ६३ हजार. ७० हजारांची फी या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

हे क्षेत्र सध्या कठीण काळातून जातंय, हेही सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने कर्मचारी ८२ हजारांवरून ६२ हजारांवर आणायचं जाहीर केलं आणि राज्यांना दिलेले कोविडकाळातले मोठे निधी परत घ्यायला काढले. काउंटीच्या आरोग्य विभागांतल्या कितीतरी जागा अशाच अनुदानांवर चालतात. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, त्यामुळे त्या तुमच्यासाठी तूर्त बादच. रुग्णालयं, विद्यापीठांचे संशोधन विभाग, फेडरल अनुदानाची सामुदायिक आरोग्य केंद्रं आणि विमा कंपन्यांचे पॉप्युलेशन हेल्थ विभाग हे आधी बघा. मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचारा: ही जागा कोणत्या निधीतून आहे आणि तो निधी कधीपर्यंत आहे?

वीस जाहिराती वाचून एमपीएच हवाच असं ठरलं, तर विद्यापीठ सीईपीएच (सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त आहे ना ते पहिलं बघा. मान्यताप्राप्त एमपीएच किमान ४२ क्रेडिटचा असतो आणि त्यात प्रत्यक्ष संस्थेत करायचं प्रात्यक्षिक असतं. ही संस्था विद्यार्थ्याने स्वतः शोधायची की विभाग जोडून देतो, हे प्रवेशाआधी विचारा. नोकरी बहुधा त्या प्रात्यक्षिकातूनच लागते. अर्ज साधारणतः सोफास या सामायिक पोर्टलवरून जातो आणि परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यांकन डब्ल्यूईएस या संस्थेकडून लागतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट निघायला वेळ जातो, तेव्हा अंतिम मुदतीच्या तीन-चार महिने आधी कामाला लागा.

आणि इथे एक खड्डा आहे. ‘विद्यार्थी झालात की एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्या’ असं कोणी सांगेल. तुम्ही एच-४ वरच शिकू शकता. एफ-१ घेतलं की एच-४ चं ईएडी जातं, काम करायची मुभा अगदी मर्यादित होते, पदवीनंतर मिळतं ते १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे कामाची तात्पुरती मुभा. पुढची २४ महिन्यांची वाढ विषयाच्या कोडवर ठरते: एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहेत, सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा कोड नाही. एच-४ अधिक ईएडी ही तुमची बाजू बळकट आहे, ती सोडू नका. शिवाय न्यू जर्सीत वर्षानुवर्षं राहिल्यामुळे सरकारी विद्यापीठात राज्यवासीयांची फी लागू होण्याची शक्यता आहे. रटगर्सचं स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ तुमच्यापासून जवळच आहे. तिथल्या रजिस्ट्रारला लेखी विचारा की एच-४ धारकाला इन-स्टेट फी मिळते का आणि कोणते पुरावे लागतात. अर्धवेळ, एका सत्राला दोन विषय, दिवसा नोकरी, असा एमपीएच तीन-साडेतीन वर्षं चालतो, पण कर्ज जवळपास होत नाही. केंद्रीय शैक्षणिक कर्ज तुम्हाला मिळणार नाही, खासगी कर्जाचे व्याजदर चढे असतात, म्हणून हा मुद्दा लहान नाही.

तुमचं आरोग्य केंद्रातलं वर्ष तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात गुंडाळलंत. रेझ्युमेतही तसंच केलं असणार. ‘वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र’ एवढं लिहिलं तर इथल्या मॅनेजरला काहीही कळत नाही. त्या वर्षात काय काय केलंत ते आठवा: किती लोकसंख्येचं केंद्र, किती उपकेंद्रं, आशांच्या मासिक बैठका कोण घ्यायचं, लसीकरणाच्या सत्राचा सूक्ष्म आराखडा कोणी केला, साथ आली तेव्हा पाण्याचे नमुने कोणी पाठवले, क्षयरोगाच्या रुग्णांचा औषधोपचार मध्येच सुटू नये म्हणून काय केलंत. हे इथल्या भाषेत प्रोग्राम मॅनेजमेंट, सर्व्हेलन्स आणि कम्युनिटी हेल्थ वर्कर सुपरव्हिजन होतं. रेझ्युमेत प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा आणि तिच्यात तुमच्या नोंदीतला एक खरा आकडा ठेवा. दोन पानांच्या वर जाऊ नका. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाका.

हा अनुभव इथे कमी लेखला जात नाही. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेलं गावपातळीवरच्या आरोग्याचं काम आजही जागतिक आरोग्याच्या वर्गांत शिकवतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केला, मग गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आई विचारेल तेव्हा तिला हे सांगा. ती दोघंही डॉक्टरच होती आणि त्यांनी एमपीएच केला म्हणून त्यांची डॉक्टरकी वाया गेली असं महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही.

आता कोचिंग. १२ हजारांचा कोर्स घेऊ नका. अमेरिकेत लाइफ कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही कोर्स काढू शकतो आणि ‘सहा आकडी’ छापू शकतो. हिशेब साधा आहे. तासाला १०० डॉलर धरले तर एक लाखासाठी वर्षाला हजार पैसे देणारी सत्रं हवीत, म्हणजे पन्नास आठवडे दर आठवड्याला वीस. त्यातून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, वर प्राप्तिकर, विमा. आणि ती वीस माणसं मिळवण्यासाठी जे तास जातात त्यांचे पैसे कोणी देत नाही. पहिल्या वर्षी हे होत नाही.

तुमच्या पार्श्वभूमीला हेल्थ कोचिंग जास्त शोभतं, आणि तिथे मानलं जाणारं प्रमाणपत्र आहे एनबीएचडब्ल्यूसी या हेल्थ कोचिंगच्या राष्ट्रीय मंडळाचं. त्याची परीक्षा २०१७ पासून होते आणि ती तयार करण्यात यूएसएमएलई घेणारी एनबीएमई ही संस्थाच सहभागी आहे. १५० बहुपर्यायी प्रश्न, साडेचार तास. परीक्षेची धाटणी तुम्हाला ओळखीची वाटेल. परीक्षेला बसण्याआधी त्यांच्या यादीतलाच अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि किमान २० मिनिटांच्या ५० सत्रांची नोंदवही लागते. ही सत्रं मैत्रिणी, नातेवाईक किंवा वर्गातल्या सहाध्यायींबरोबर केलेली चालत नाहीत. कितीतरी जणांची वही इथेच अडते. १२ हजारवाल्या संस्थेला एकच प्रश्न विचारा, तुम्ही या यादीत आहात का? उत्तर लांबलं की फोन ठेवा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रंही मान्य आहेत, पहिल्या पायरीला ६० तास प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पण रुग्णालयं आणि विमा कंपन्या विचारतात ते एनबीएचडब्ल्यूसीचं. हेल्थ कोचिंगसाठी २०२० पासून बिलिंगचे तात्पुरते कोड आहेत, मात्र विमा कंपन्या त्यावर क्वचितच पैसे देतात. म्हणून कोचिंगकडे सध्या नोकरीतलं कौशल्य म्हणून बघा, स्वतंत्र धंदा म्हणून नंतर.

ऐकून घेणं आवडतं असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरचं ऐकणं आणि कोचचं ऐकणं यांत फरक आहे, आणि डॉक्टर कोचिंगमध्ये अडखळतात ते इथेच. समजा एक पन्नाशीच्या बाई सांगतात, “चतुर्थीला दिवसभर उपास, मग संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी होतेच.” तुमच्या तोंडून लगेच निघेल, “अहो, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्याऐवजी वरी घ्या.” बाई मान डोलावतील आणि पुढच्या चतुर्थीला खिचडीच करतील. कोच विचारतो, “उपासात तुम्हाला काय जपायचंय?” मग कळतं की खिचडी सासूबाईंच्या हातची असते आणि ती नाकारायची नाही. “मग बदलावंसं वाटतं असं या दिवसात दुसरं काय आहे?” त्या स्वतःच म्हणतात, दुपारचे वेफर्स आणि तीन वेळचा गोड चहा. “दहापैकी किती खात्री वाटते की पुढच्या वेळी एक चहा कमी होईल?” “सहा.” “चार का नाही?” या उलट्या प्रश्नाने माणूस स्वतःच्या तोंडून आपली बाजू मांडतो, आणि स्वतः मांडलेलं तो पाळतो. वीस मिनिटांत एकही सल्ला न देणं तुम्हाला जड जाईल. सराव करताना, समोरच्याची परवानगी घेऊन, सत्र रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकताना तुमचं प्रत्येक ‘असं करा’ मोजा.

सीमा मात्र कडक पाळा. न्यू जर्सीत विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय हा तृतीय श्रेणीचा फौजदारी गुन्हा आहे. कोच म्हणून निदान करायचं नाही, रिपोर्ट वाचून अर्थ सांगायचा नाही, औषधाचा डोस बदलायचा नाही, सप्लिमेंट सुचवायचं नाही. बाकीचे कोच स्वतःच्या चालू परवान्याच्या कक्षेत तज्ज्ञ सल्ला देऊ शकतात, उदाहरणार्थ परवानाधारक आहारतज्ज्ञ. तुमच्याकडे इथला परवाना नाही, त्यामुळे तुम्हाला ती मुभा नाही. पत्रकावर ‘एमबीबीएस, भारत, न्यू जर्सीत वैद्यकीय परवाना नाही’ असं स्पष्ट छापा आणि करारात ते लिहून ग्राहकाची सही घ्या.

सार्वजनिक आरोग्य आणि कोचिंग हे दोन्ही एकत्र येतात अशी एक जागा आहे, आणि मला वाटतं तुमचं पहिलं पाऊल तिथेच पडावं: सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या नॅशनल डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये लाइफस्टाइल कोच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन सुमारे सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने ३१ टक्क्यांनी. त्यावर उभा राहिलेला हा वर्षभराचा गट-कार्यक्रम: पहिल्या सहा महिन्यांत १६ सत्रं, नंतरच्या सहा महिन्यांत किमान सहा. कोच होण्यासाठी परवाना किंवा पदवी लागत नाही, साधारण दोन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. वायएमसीए, रुग्णालयं, सामुदायिक केंद्रं हे गट चालवतात. प्रवेशासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) किमान २५, पण आशियाई वंशाच्यांना २३. आणि ज्यांना गरोदरपणी मधुमेह झाला होता त्या रक्ततपासणीशिवायही पात्र ठरतात. डीजीओ केलेल्या डॉक्टरला या बायका किती जवळच्या आहेत हे वेगळं सांगायला नको. एडिसनमध्ये मराठी, गुजराती, तेलुगू घरं आहेत. पोळी-भाताच्या ताटावर बोलू शकणारा कोच संस्थांना हवाच असतो. पहिल्या गटाची हजेरी, वजनं, व्यायामाची मिनिटं तुम्हीच नोंदवणार. तीच तुमची पहिली कार्यक्रम-मूल्यमापनाची फाइल होईल, आणि अर्धवेळ एमपीएचला अर्ज करताना हेतुपत्रात लिहायला ठोस काही असेल.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात ईएडीचा अर्ज. कार्ड येईपर्यंत वीस जाहिराती, नवा रेझ्युमे, आणि आर शिकायला रोज एक तास. सरावासाठी एनएचएएनईएस या सरकारी आरोग्य-सर्वेक्षणाचा खरा डेटा सगळ्यांना मोफत खुला आहे, त्यातून एक छोटं विश्लेषण पूर्ण करून दाखवायला ठेवा. कार्ड आलं की लाइफस्टाइल कोचचं प्रशिक्षण आणि सोबत रिसर्च कोऑर्डिनेटर किंवा हेल्थ एज्युकेटरच्या जागांना अर्ज. वर्षभर काम केल्यावर डेटा जास्त आवडतो की गट, हे तुमचं तुम्हाला कळेल. डेटा आवडला तर एपिडेमिऑलॉजीचा एमपीएच, गट आवडला तर आधी एनबीएचडब्ल्यूसी. नोकरी देणारी मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठं बऱ्याचदा फीचा काही भाग देतात. पगाराबरोबर तेही विचारून घ्या.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी सोडू नका. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि ३० क्रेडिट पॉइंट, एवढं सांभाळा. उद्या सोलापूरला परतायचं ठरलं किंवा इथे कोणी ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र मागितलं तर ती लागेल. पण तिच्या भरवशावर इथून व्हॉट्सअपवर गावच्या रुग्णांना औषधं सांगू नका. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत देशाबाहेरून दिलेला सल्ला येत नाही. जुने पेशंट फोन करतात, नाही म्हणणं जिवावर येतं, हे खरं आहे. त्यांच्यासाठी गावातल्या दोन विश्वासू डॉक्टरांचे नंबर लिहून ठेवा आणि तेच द्या.